कॅमेऱ्याची तीन बटणं

मी रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पाटीवर ‘सिस्टिम इंजिनिअर’ लिहिलंय, ते सोडा. पतपेढ्यांचे प्रिंटर, कॉलेजांच्या लॅब, मासळी तोलायच्या काट्यांना जोडलेली गंजकी खोकी, सगळं करतो, आणि बरं करतो असं लोक म्हणतात. जिथं मी माती खाल्ली त्या कामाबद्दल हे लिहितोय. कुणी विचारलेलं नाही. विचारलं होतं तेव्हा मी मूग गिळून बसलो होतो, म्हणून आता न विचारता बडबडतोय.

जयगडच्या रस्त्याला, शहरापासून पाऊण तासावर, एका बागायतदाराचं आंब्याचं पॅकहाऊस आहे. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. बाकी सगळे मालक म्हणतात. त्यांनी साका ओळखणारं मशीन आणलं आणि त्यामागचा कॉम्प्युटर सांभाळायचं काम मला दिलं.

हापूसमधला साका कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. वरून फळ देखणं, रंग सुरेख, वास घमघमीत, आणि सुरी लावली की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गोळा. बाहेरून पत्ता लागत नाही. मशीन फळाखालून झगझगीत उजेड सोडायचं, वरून कॅमेरा बघायचा, आत डाग दिसला की बाजूच्या नळीतून हवेचा फटका यायचा आणि फळ पट्ट्यावरून वेगळ्या घसरगुंडीत पडायचं. कॉम्प्युटरमध्ये दोन कार्डं होती. एक कॅमेऱ्याचं, एक हवेचं. गोष्ट एवढ्या दोन कार्डांचीच आहे.

त्या स्क्रीनसमोर जी बाई बसायची तिला सगळं पॅकहाऊस वयनी म्हणायचं. मीही म्हणायचो. पन्नाशीची, आतल्या बाजूच्या गावातली, शाळा सातवीपर्यंत. नवरा मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. आधी बरीच वर्षं ती खाली टेबलावर फळं निवडायला उभी असायची. त्यात दोन्ही गुडघे गेले. मशीन आलं तेव्हा स्क्रीनसमोर बसायला कुणी धजत नव्हतं, बिघडलं तर आपल्या डोक्यावर येईल म्हणून. वयनी बसली. पहिल्याच हंगामात मला म्हणाली होती, “भावजी, उभ्याचा काम आता माझ्याच्यानं होत नाय. ही खुर्ची गेली की मी घरात. तेव्हा मला नीट शिकवा, मी चुकायची नाय.”

ती चुकली नाही. चुकलो मी.

कॅमेऱ्याच्या कार्डाला एक खोड होती. उष्मा वाढला की ते अडकायचं. स्क्रीनवरचं चित्र थिजायचं, पट्टा चालू आणि मशीन आंधळं. वयनीनं त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. ती आधी फळं टाकणाऱ्या बायकांना हात करून थांबवायची. पट्ट्यावरचं शेवटचं फळ खाली उतरेपर्यंत वाट बघायची. मग उठून सरळ कॉम्प्युटरचा प्लग ओढायची. तोंडानं सावकाश वीस आकडे मोजायची आणि प्लग परत लावायची. सगळं व्हायला दहा मिनिटं जायची, पण नंतर मशीन शहाण्यासारखं चालायचं.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चार बायकांसमोर मी तिला झाडलं, की कॉम्प्युटर म्हणजे मिक्सर नव्हे, असा प्लग ओढलात तर एक दिवस आतली डिस्क मरेल. ती शांतपणे म्हणाली, “मग कसा करायचा ता सांगा. मी तसा करीन.”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. दुसऱ्या हंगामाच्या आधी मिळालं. आम्ही जी सिस्टिम वापरतो ती जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आहे, आणि तिच्या नव्या आवृत्तीत एक लहानशी सोय आली होती. कॉम्प्युटरमधलं एखादं कार्ड अडकलं तर त्याला ताळ्यावर आणायच्या दोन-तीन तऱ्हा असतात. आधी कुठली वापरायची हे सिस्टिम स्वतःच ठरवायची, तुम्हाला कुणी विचारत नसे. आता प्रत्येक कार्डासाठी एक छोटी फाइल होती. तिच्यात त्या तऱ्हांची नावं ओळीनं लिहिलेली. तुम्ही क्रम बदला, नको ती काढून टाका, सिस्टिम मुकाट तुमचं ऐकणार. ज्यानं कुणी ही सोय केली त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. त्याला ठाऊक होतं की कार्डं खोटं बोलतात, आणि ते खोटं पकडायचं तर निर्णय जागेवरच्या माणसाच्या हातात हवा. मला त्यातली पहिली गोष्ट कळली नाही आणि दुसरी मी पाळली नाही.

पण सुरुवात मी झोकात केली. वयनीच्या स्क्रीनवर तीन बटणं करून दिली. ‘हलका’ म्हणजे कार्डालाच सांगायचं, बाबा, तू स्वतःला सावर. ‘वीज’ म्हणजे फक्त त्या कार्डाची वीज क्षणभर पाडून परत द्यायची. ‘पूर्ण’ म्हणजे ते कार्ड ज्या वाटेवर बसलंय ती अख्खी वाटच झटकायची. त्या वाटेवर हवेचं कार्डही होतं, म्हणजे दोन्ही एकदम. वयनीला मी नीट बसून सांगितलं, आणि तिनं दोनदा विचारून घेतलं की पूर्ण दाबलं तर हवा बंद होईल की सुटेल. मी म्हटलं, क्षणभर सुटेल. “म्हणजे पट्टा रिकामा पायजे,” ती म्हणाली आणि तिनं ते पाठच करून टाकलं.

आदल्या वर्षी साक्यानं मालकांना फार छळलं होतं. म्हणून त्या हंगामातली आंब्यांची पहिली पाटी पट्ट्यावर ओतायच्या आधी त्यांनी गावच्या गुरवाला बोलावून मशीनसमोर गाऱ्हाणं घालायला लावलं. नारळ ठेवला, अगरबत्ती लावली, आणि गुरवानं देवाला हाक घातली की या घराच्या मालात यंदा साका पडू देऊ नको, काय वेडंवाकडं असेल ते वाटेला लाव. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. मीही म्हटलं. आमच्याकडे म्हणतातच. त्यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. गैर पुढं झालं ते आम्ही केलं, देवाचा त्यात काही दोष नाही.

आठवडाभर तीन बटणं छान चालली. वयनीनं तिन्ही वापरून बघितली आणि मी गेलो तेव्हा मला म्हणाली, “हलका नको. मधला बरा.”

“का?”

“हलक्यानं डोळा उघडतो, पण बघत नाय.”

मी हसलो. खरंच हसलो, आणि ते हसू आठवलं की आजही अंगाची लाही होते. मी तिला सिस्टिमची नोंद उघडून दाखवली. कॅमेरा अडकला, हलका रीसेट केला, यशस्वी. ओळीखाली ओळ, सगळीकडे यशस्वी. म्हटलं, वयनी, कार्ड स्वतः सांगतंय की मी बरा आहे. ती म्हणाली, “आजारी माणूस पण तसाच सांगतो ओ.” मी ती गोष्ट घरी बायकोला विनोद म्हणून सांगितली.

मग मेव्हण्याचं प्रकरण झालं. दुपारनंतरच्या पाळीला मालकांचा मेव्हणा स्क्रीनसमोर बसायचा. बसायचा म्हणजे मोबाइल बघायचा. एका दिवशी कॅमेरा अडकला आणि त्यानं ‘पूर्ण’ दाबलं. पूर्ण शब्द ऐकायला भारी, म्हणून ते दाबलं असणार. पट्टा काठोकाठ भरलेला. सगळ्या नळ्यांतून एकदम हवा सुटली आणि पहिल्या प्रतीचे आंबे उडून फरशीवर पडले. मालकांनी मला फोन करून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेव्हण्याला ते एक अक्षर बोलले नाहीत. घरात बायको आहे ना.

“बटणं कशाला दिलीस रे?” ते म्हणाले. “येतं का कुणाला त्यातलं काही? एकच ठेव. दाबलं की चालू.”

इथं मी उभं राहायला हवं होतं. बटणं वाईट नव्हती. पट्टा रिकामा असल्याशिवाय ‘पूर्ण’ दाबताच येणार नाही अशी सोय मला अर्ध्या तासात करता आली असती. किंवा मेव्हण्याला एक पाळी शिकवता आली असती. पण मला अपमान लागला होता, आणि खरं सांगायचं तर मनातून मालकांचं पटलंही होतं. आमच्या धंद्यातल्या माणसांना हा एक माज असतो. वापरणाऱ्याला निवड दिली की तो घाण करणार, असं आम्ही धरूनच चालतो. मग आम्ही त्याची निवड काढून घेतो आणि त्याला सुरक्षितता म्हणतो.

मी ‘वीज’ काढलं, ‘पूर्ण’ काढलं, ‘हलका’ ठेवलं. का तेच ठेवलं? सगळ्यात सौम्य, हवेच्या कार्डाला धक्का नाही, आणि नोंद यशस्वी म्हणते. जी बाई आठवडाभर तिन्ही वापरत होती तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. क्रमाच्या फाइलला कुलूप घातलं, म्हणजे माझ्या पासवर्डाशिवाय कुणाला ती बदलता येणार नाही. प्लगसाठी एक पत्र्याची पेटी बसवून घेतली आणि तिची किल्ली मालकांच्या टेबलाच्या खणात गेली. वयनी हे सगळं बघत बाजूला उभी होती. उभं राहून तिचे पाय भरून आले तेव्हा तिनं भिंतीला हात टेकला, पण बोलली एवढंच, “भावजी, मधला ठेवला असतात तर बरा झाला असता.”

त्यानंतर तिनं मला दोनदा सांगितलं. एकदा फोनवर. मी दुसऱ्या कामात होतो, म्हटलं बघतो. एकदा समोरासमोर, की हलकं दाबल्यावर साक्याची घसरगुंडी ओस पडते. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, मालकांनी प्लग बंद केल्याचा राग आहे तिच्या मनात.

मे महिन्यात उष्मा असह्य झाला आणि कॅमेरा दिवसातून चार-चारदा अडकायला लागला. एका दुपारी मी मालकांच्या ऑफिसच्या प्रिंटरसाठी गेलो होतो, तर बाहेर गलका. मालक स्क्रीनसमोर हात जोडून उभे होते. सकाळपासून एकही फळ साक्यात गेलं नव्हतं. एकही नाही. आकडा शून्य.

“ऐकलं देवानं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी बरंच सोसलं होतं. बायका पुढं येऊन स्क्रीनला नमस्कार करायला लागल्या. एकीनं कुंकवाचं बोट लावलं.

कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की मे महिन्याच्या त्या उष्म्यात, तापलेल्या कातळावरच्या बागेतला माल, आणि साका शून्य, असं होत नाही. मीही इथंच वाढलोय, मलाही ते ठाऊक होतं. पण गाऱ्हाणं घातलं होतं, व्हय म्हाराजा म्हटलं होतं, आणि आता शंका घ्यायची म्हणजे देवाच्या तोंडावर शंका घ्यायची. त्या पॅकहाऊसमध्ये हे कुणाकडून झालं नसतं. झालं ते एकट्या वयनीकडून.

ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, “मालक, चार फळं कापून बघूया.”

मालकांचा चेहरा उतरला. “कशाला?”

“डोळा बघत नाय. हलका केल्यापासून बघत नाय. देवानं ऐकला असंल तर कापल्यावर पण ऐकलेलाच दिसंल.”

“म्हणजे तुझा विश्वास नाय.”

“माझा देवावर हाय ओ. या कॅमेऱ्यावर नाय.”

मालकांना ते फार लागलं. मला वाटतं, त्या क्षणी तिची खुर्ची गेली, पुढचं सगळं नंतरचे सोपस्कार. ते माझ्याकडे वळले. “तू सांग रे. मशीन बरोबर आहे का नाही?”

मी नोंद उघडली. यशस्वी, यशस्वी, यशस्वी. माझ्याच हातानं लावलेलं एकच बटण, माझंच कुलूप. चार आंबे कापायला दोन मिनिटं लागली असती. पण फळ कापून साका निघाला असता तर त्याचा अर्थ असा झाला असता, की सातवी शिकलेली बाई बरोबर आणि पाटीवाला इंजिनिअर गाढव. मी म्हटलं, “सिस्टिमप्रमाणे सगळं ठीक आहे, काका.”

माल गेला. मुंबईच्या व्यापाऱ्यानं तो पुढं परदेशात पाठवायच्या आधी स्वतःच्या गोडाऊनमध्ये काही पेट्या उघडून फळं कापली. मग त्यानं फोन केला. मालक त्या फोननंतर बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसले होते म्हणे. सगळा माल परत आला, पिकत, गळत, वाटेनं वास सोडत. बायकांनी पेट्या उघडल्या आणि फळामागून फळ साक्यानं भरलेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. ऑफिसात मालक, मेव्हणा, मी, आणि दाराशी वयनी. तिला कुणी बस म्हटलं नाही. मालकांना कुणीतरी हवं होतं. देवाला बोल लावता येत नव्हता. बागेला लावता येत नव्हता, बाग बापजाद्यांची. मशीन एवढं हौसेनं आणलेलं, त्याला नावं ठेवायची तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. मेव्हण्यानं वाट दाखवली. म्हणाला, हिला प्लग ओढायची सवय होतीच, हिनं परत काहीतरी केलं असणार, शिवाय भर पॅकहाऊसमध्ये वाकडं बोलली, तेव्हाच समजलं.

“प्लग पेटीत हाय. किल्ली तुमच्याकडं हाय,” वयनी म्हणाली.

“मग त्या दिवशी मशीन बघत नाही हे तुला कसं कळलं? तूच काही केल्याशिवाय?”

“मी आधीपासून सांगत होते.”

“कुणाला सांगत होतीस?” मालक ओरडले. “मला तर नाही सांगितलंस कधी. कुणाला सांगितलंस?”

वयनीनं उत्तर दिलं नाही. मी समोरच्या लॅपटॉपवर नोंदीच्या ओळी वरखाली करत होतो. काही शोधत नव्हतो. मान वर करायची नव्हती म्हणून बोट चालू ठेवलं होतं. मालकांनी मला विचारलं, नोंद काय म्हणते, त्या दिवशी रीसेट कुणी केला? मी म्हटलं, सकाळच्या पाळीत झालाय. ते खरंच होतं. सकाळच्या पाळीत खुर्चीवर तीच होती आणि माझं एकुलतं बटण तिनं माझ्या सांगण्यावरून दाबलं होतं. एवढं मी बोललो नाही. खरं बोलून मी तिला बुडवलं, असंही करता येतं.

तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. मालक म्हणाले, खाली निवडायला उभी राहणार असशील तर ये. तिच्या गुडघ्यांचं त्यांना ठाऊक होतं. ती डबा घेऊन गेली. जाताना बायकांपैकी कुणी तिच्याशी बोललं नाही, देवावर शंका घेतलेली बाई ना ती.

पावसाळ्यात पॅकहाऊस बंद असतं. मी कॉम्प्युटर दुकानात आणला आणि झापडं काढून एकदाचा तपासायला बसलो. तासाभरात सापडलं. कॅमेऱ्याचं कार्ड हलका रीसेट घ्यायचं, हो म्हणायचं, पण आतला अर्धा भाग जुन्याच अवस्थेत ठेवायचं. उजेड किती म्हणजे किती, याचा त्याचा अंदाजच बिघडलेला असायचा. चित्र दिसायचं, पण त्यातला डाग पुसलेला. डोळा उघडा, पण बघत नाही. शब्दन् शब्द तिचा. ‘वीज’ दिली की कार्ड सगळं नव्यानं वाचायचं आणि ठणठणीत व्हायचं. प्लग ओढून ती तेच करत होती, फक्त आडवळणानं, आणि पट्टा रिकामा करून करत होती, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त काळजीनं.

दुरुस्ती काय होती? त्या छोट्या फाइलमध्ये ‘हलका’ खोडायचं आणि ‘वीज’ लिहायचं. एक ओळ. मला स्वतःची किळस आली, दुसरा शब्द नाही.

आता कुणालाही वाटेल की मी तडक मालकांकडे गेलो. नाही गेलो. मी तो दोष दुरुस्त केला, आणि वर शहाणपणा करून सगळं आपोआप होईल असं बसवलं. कॅमेरा अडकला की सिस्टिम स्वतःच ओळखणार, पट्टा थांबवणार, कार्डाची वीज पाडून परत देणार, पट्टा चालू करणार. माणसानं बघायलाही नको. मनात म्हटलं, आता परत कुणावर आळ यायला नको. भित्र्या माणसाची सगळी चांगली कामं अशीच असतात, उशिरा आणि चुकीच्या जागी.

पुढच्या हंगामात मशीन लोण्यासारखं चाललं. साका पडायचा तेवढा पडायचा, आणि मशीन तो पकडायचं. मालक खूश. एके दिवशी त्यांनी सगळ्या बायकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “बघा, ती बाई गेली आणि मशीन सुधारलं.”

बायका हसल्या. मला ते सहन झालं नाही. मी त्यांना ऑफिसात नेलं आणि सगळं सांगितलं. कार्डाची खोड, तीन बटणं, तिनं मला कितीदा सांगितलं ते, माझं कुलूप, माझं गप्प बसणं. सांगताना मला रडू येईल की काय असं वाटत होतं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी वाटच बघत होतो.

“तेव्हा बोलला असतास तर ठेवली असती रे तिला,” ते म्हणाले. “कामाला बरी होती. आता कुठं बसवू? खुर्चीच काढून टाकली मी. तुझं मशीन आपलं आपण चालतं, तिथं माणूस कशाला?”

मी बाहेर येऊन बघितलं. खुर्ची खरंच नव्हती. त्या जागेवर रिकाम्या पेट्या रचल्या होत्या.

तरी मी तिच्या गावी गेलो. निदान तिला सांगावं म्हणून. एसटी सोडते तिथून पुढं चढाची वाट आहे. ती पडवीत बसली होती, पाय लांब सोडून, समोर सूप, त्यात रातांब्यांची सोलं, म्हणजे आमसुलं. मला बघून तिला उठायचं होतं, मी नको म्हटलं. तिनं सुनेला हाक मारून पाणी मागवलं, गूळ मागवला. मी पाणी प्यायलो आणि सगळं सांगून टाकलं. तुमचंच बरोबर होतं, वयनी. मधलंच बटण. मी मालकांना सांगितलं परवा.

ती सोलं उलटवत राहिली. “मशीन बरा झाला ना?”

“झालं.”

“माझ्याजागी कोण बसतो?”

“कुणी नाही. आता माणूस लागत नाही.”

तिचे हात थांबले. मग परत चालू झाले. मी म्हटलं, मालकांना परत एकदा भेटतो, दुसरं काही बसून करायचं काम असेल तर बघतो, माझ्या ओळखीत अजून एक पॅकहाऊस आहे. मी बोलतच राहिलो. तिनं मला मध्येच थांबवलं, पण आवाज चढवला नाही.

“भावजी, मालक त्या दिवशी विचारत होता, कोणाला सांगितलास म्हणून. मला काय तुमचा नाव माहीत नव्हता काय? पण मी म्हटला, माणूस समोर बसलाय. त्याचा नाव तो आपण घेईल.”

ती थोडा वेळ थांबली, जणू अजूनही मला वेळ देत होती, आणि मग तिनं सूप मांडीवर ओढून घेतलं.

“उन्हं कलली. निघा आता, खालची गाडी चुकंल.”